१/२४ चा ट्रक

प्लॅस्टिकचं मॉडेल जोडणं म्हणजे लहान मुलांचा खेळ, असं मलाही वाटायचं. मागच्या पावसाळ्यात सुटीत दरेकसाला घरी जाताना मर्सिडीजच्या ट्रकचं किट सोबत नेलं. बाबांनी ज्या टाटाच्या ट्रकवर वर्षानुवर्षं गोंदियाचा तांदूळ वाहिला, तो विकला गेलाय. त्याची आठवण म्हणून एक छोटा ट्रक शोकेसमध्ये ठेवावा, एवढाच बेत. मर्सिडीजच का? तर टेल्कोने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली ती डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने, आणि ते १९६९ पर्यंत टिकलं. दूरचं का होईना, नातं आहे!

१/२४ स्केल म्हणजे २.४ मीटर रुंद ट्रक इथे १०० मिलिमीटर. हे कुणालाही कळतं. मला कळलं नव्हतं ते हे, की रंगालाही स्केल असतं. ब्रशने ०.१ मिमीचा थर दिला, तर खऱ्या ट्रकच्या हिशेबात तो २.४ मिमीचा लेप झाला! दाराच्या फटी, रिव्हेट, सगळं बुजतं. म्हणून भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे (साच्याचा तेलकटपणा जातो), आणि रंग पातळ करून तीन-चार हात द्यायचे, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा.

खरी फजिती पुढे झाली. घाईघाईत मी केबिनचे भाग आधी रंगवले आणि मग जोडले. सकाळी बघतो तर एक बाजू हातात! हे भाग पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्याचं सिमेंट म्हणजे साधा गोंद नव्हे. त्यातला सॉल्व्हंट दोन्ही कडा विरघळवतो, दोन्हीकडच्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत शिरतात आणि सॉल्व्हंट उडून गेला की दोनाचा एक तुकडा होतो. आपल्या वर्कशॉपमधलं वेल्डिंगच, फक्त आगीशिवाय. मध्ये रंग आला की वेल्ड होणार कशाचं? ब्लेडने कडा खरवडून सगळं परत जोडलं.

बाहेर संततधार. तशातच नारंगी लॅकर स्प्रे मारला, तर केबिन पांढुरकी पडली. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हेच लिहून मार्क घेतले होते, पण घरी आठवलं नाही. दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा घासून पुन्हा रंगवलं.

बाबांनी ट्रक हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"काहून रे, स्टिअरिंग डाव्या हाताले?"

मी गप्प. आठवडाभर मायक्रॉन मोजत बसलो आणि हे दिसलंच नाही! नशीब, केबिनचा तळ अजून चिकटवला नव्हता. डॅशबोर्ड बाहेर काढून तीन तुकडे केले, टोकं अदलाबदल केली, जुनं भोक पुट्टीने बुजवलं, पेडलही उजवीकडे नेले. बाबा शेजारी बसून क्लच कुठे, ब्रेक कुठे ते सांगत होते.

"आता लिंबू-मिरची बांध."

४ सेंटिमीटरचं लिंबू १/२४ मध्ये साधारण १.७ मिलिमीटर. आईच्या डब्यातला मोहरीचा एक टपोरा दाणा घेतला, पिवळा रंगवला आणि बंपरखाली लटकवला.