मायलोमाच्या रिपोर्टातली जनुके

मल्टिपल मायलोमाचे निदान होऊन जनुकीय तपासणीचा रिपोर्ट हाती पडला, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे आमच्या मुलांनाही होईल का? बेळगाव-निपाणीकडून रुग्णाला घेऊन बंगळूरच्या किदवई कर्करोग संस्थेत किंवा इथल्या इतर रुग्णालयांत येणारी मराठी माणसेही तेच विचारतात. या रिपोर्टातली म्यूटेशन्स, म्हणजे जनुकांतले बदल, आईवडिलांकडून आलेली नसतात. ती पुढे आयुष्यात शरीरातल्या काही पेशींत घडतात आणि मुलांकडे जात नाहीत. रक्ताच्या नात्यात धोका किंचित जास्त असतो, हे खरे. पण तेवढ्यासाठी धडधाकट मुलांच्या महागड्या जनुकीय चाचण्या करू नका.

हे बदल होतात कसे? मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या पेशी अँटिबॉडी बनवतात. त्या बनवता याव्यात म्हणून त्यांच्या पूर्वज बी पेशी स्वतःचाच डीएनए कापून पुन्हा जोडतात, मुख्यतः 14व्या गुणसूत्रावर. जोडणी चुकली की 14व्याची 4, 11 किंवा 16व्या गुणसूत्राशी अदलाबदल होते. काहींत गुणसूत्रांची संख्याच वाढते. केआरएएस, एनआरएएस या जनुकांतले बिघाड बहुधा नंतरचे. 17व्या गुणसूत्राचा 'पी' भाग गळाला, तर पेशीला आवर घालणारे टीपी53 जनुकही जाते. असा आजार जास्त चिवट असतो. म्हणूनच त्यावर सुरुवातीपासून जोरकस औषधयोजना करायची आणि नजरही बारीक ठेवायची. 17पी वाचून धीर सोडणारी घरे मी पाहतो, तेव्हा फार वाईट वाटते. उपचार नेमके ठरावेत, यासाठीच तर ही तपासणी असते. 11-14 ची अदलाबदल असेल, तर आजार उलटल्यावर व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्यांचा विचार करता येतो.

हे बदल शोधणाऱ्या तपासणीला फिश म्हणतात. ती निदानाच्या वेळच्या बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) नमुन्यावर, शक्यतो स्टेरॉइड सुरू होण्याआधी व्हायला हवी. औषधांनी प्लाझ्मा पेशी घटल्या की नमुन्यात तपासायला फारसे काही उरत नाही. नमुन्यातून प्लाझ्मा पेशी वेगळ्या काढून तपासल्या नाहीत, तर दोष असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो.

म्हणून बोन मॅरोची तारीख ठरताच डॉक्टरांना विचारा: फिशसाठी नमुना पाठवणार ना? प्रयोगशाळा प्लाझ्मा पेशी वेगळ्या करते ना? आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. आजार उलटला तर हा रिपोर्ट पुन्हा लागतो.