मोठ्या विद्यापीठांची टोळी आणि पनवेलची पदवी

प्रश्न : मुलगी पनवेलच्या महाविद्यालयात बीएस्सी करते. मुंबईची नामांकित महाविद्यालये एकत्र येऊन वेगळी झाली, तशी बडी विद्यापीठेही गट करणार म्हणतात. तिच्या पदवीची किंमत घटेल का?
– एक पालक, नवीन पनवेल

उत्तर : नाही, ताई. गट झाला म्हणून बाहेरच्यांची पदवी रद्द होत नाही.

मुंबईत 2019 मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि शासकीय अध्यापक महाविद्यालय मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. मात्र हा वेगळा प्रकार. तिथे नवे विद्यापीठच जन्मले, ते स्वतःची पदवी देते. विद्यापीठांचे गट पदवी देत नाहीत. अमेरिकेतली आयव्ही लीग तर मुळात आठ विद्यापीठांची खेळांची स्पर्धा-संघटना! ब्रिटनमधला रसेल गट 1994 मध्ये 17 विद्यापीठांनी स्थापला, आज त्यात 24 आहेत. सरकारदरबारी संशोधनाची बाजू मांडणे हे त्याचे मोठे काम.

असा गट आपल्याकडे प्रयोगशाळा खुल्या करणार असेल तर स्वागत. नुसती पाटी मिरवणार असेल, तर त्याचा विद्यार्थ्यांना उपयोग शून्य.

मुलीच्या महाविद्यालयाची नॅक श्रेणी आणि विषयाची प्रयोगशाळा पाहा. महाविद्यालय स्वायत्त असले, तरी पदवी मुंबई विद्यापीठाचीच. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तिचे खाते आहे ना, हेही विचारा. पुढे संस्था बदलायची झाल्यास श्रेयांक उपयोगी पडतात. कुणी 'परदेशी गटाशी संलग्न' म्हणून जादा शुल्क मागितले, तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या यादीत त्या संस्थेचे नाव शोधा.