पडद्यावरचा प्रभार : एका हेडफोनच्या दुरुस्तीचा हिशेब

सुरत शहरात कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. स्थिर विद्युत म्हणजे काय, हे तो पुस्तक न उघडता सांगेल. पॉलिएस्टरचा धागा यंत्रावर घासत पळतो, त्यावर प्रभार साचतो, मग धागे फिसकारतात, कोंडा चिकटतो आणि कधी कधी कामगाराच्या बोटाला चटकाही बसतो. हा उपद्रव टाळण्यासाठी कारखान्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात आणि धाग्याला प्रभार घालवणारे द्रावण लावतात. तेथे जिला शत्रू मानतात, त्याच स्थिर विद्युतेच्या जिवावर चालणारे एक यंत्र गेल्या पावसाळ्यात मला लिंबायत येथील माझ्या मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात पाहावयास मिळाले. ते म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. या विषयाचा अधिकारी नव्हे. परंतु त्या आठ दिवसांत मोजणे म्हणजे काय आणि मूल्य ठरवणे म्हणजे काय, याचा जो धडा मिळाला तो वाचकांपुढे ठेवण्यासारखा वाटतो.

यंत्राची रचना

आपण वापरतो त्या साध्या हेडफोनमध्ये एक चुंबक, तारेचे एक वेटोळे आणि त्याला जोडलेला पडदा असतो. वेटोळे हलले की पडदा हलतो. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनमध्ये चुंबकही नाही आणि वेटोळेही नाही. छिद्रे असलेल्या दोन धातूच्या जाळ्या समोरासमोर बसवलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. हा पडदा एक-दोन मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. पडद्याला कायम काही शे व्होल्टचा दाब दिलेला असतो. त्याला 'बायस' म्हणतात. जुन्या संचांत तो २३० व्होल्टच्या आसपास असे. पुढच्या अनेक संचांत ५८० व्होल्ट असतो. संगीताचा संकेत दोन्ही जाळ्यांना परस्परविरुद्ध दिला जातो. त्यामुळे एक जाळी पडद्याला ओढते त्याच क्षणी दुसरी त्याला ढकलते. सगळा पडदा एकसारखा हलतो आणि आवाज स्वच्छ येतो.

या पडद्याचे आणि सुरतेचे नाते जवळचे आहे. तो बहुधा पॉलिएस्टरच्या फिल्मचा असतो. हे पॉलिएस्टर १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी कापडछपाईच्या व्यवसायातील एका संस्थेत काम करीत असता शोधले. आज सुरतेत जी नकली जर तयार होते तिच्यासाठी अशाच फिल्मवर धातूचा थर चढवून तिच्या बारीक पट्ट्या कापतात. फक्त ती फिल्म पुष्कळच जाड असते. हेडफोनच्या पडद्यावर मात्र सहसा असा धातूचा थर देत नाहीत. त्यावर असा लेप हवा की प्रभार सगळीकडे पसरावा, पण पडदा हलत असताना तो इकडून तिकडे धावू नये. परदेशातील हौशी कारागीर यासाठी प्रभार घालवणारी द्रावणेच वापरतात, हे ऐकून मामांना हसू आले. याच तत्त्वावरचा क्वाड कंपनीचा प्रसिद्ध लाउडस्पीकर १९५७ साली बाजारात आला, आणि जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली असा हेडफोन विक्रीस आणला.

तक्रार

दुकानात आलेला संच एका कापडाच्या व्यापाऱ्याचा होता. तो त्यांच्या दिवंगत वडिलांनी वापरलेला. उजव्या बाजूचा आवाज फार क्षीण झाला होता. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते, "दुरुस्त होत असेल तर करा. नसेल तर विकून किती येतील ते सांगा. पण खरे सांगा, माझ्या बापाची वस्तू आहे."

संचाच्या ॲम्प्लिफायरवर १०० व्होल्टची पाटी होती. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. असा संच सरळ आपल्या प्लगमध्ये घातला तर तो जळण्याचाच संभव. शेठजींकडे दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर होता, म्हणून संच शाबूत राहिला होता. जुना परदेशी संच हाती आला की पहिली तपासणी या पाटीचीच करावी.

दुसरी गोष्ट जिवाची. या ॲम्प्लिफायरच्या पोटात कित्येक शे व्होल्ट खेळत असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरांत प्रभार शिल्लक राहतो. मामा झाकण उघडल्यावर प्रथम दहा किलोओहमच्या जाड रेझिस्टरला वेष्टित चिमटे लावून प्रत्येक मोठा कपॅसिटर रिकामा करतात, मग मीटर लावून खात्री करतात आणि चालू यंत्रावर काम करताना एक हात खिशात ठेवतात. ज्याने हे काम जाणत्याच्या शेजारी बसून केलेले नाही त्याने झाकण उघडू नये.

मीटर खोटे बोलले काय?

मामांनी बायस मोजला. पाहिजे होता ५८० व्होल्ट, मीटर दाखवीत होते ३८७. एक तृतीयांश गायब! मामा म्हणाले, "बायसचा भाग गेला. बायस घसरला की कमजोर बाजू आधी बसते." नवीन भाग आणि मजुरी धरून रक्कम त्यांनी कागदावर मांडलीही. शेठजींना फोन करणे तेवढे बाकी होते.

मला मात्र तो एक तृतीयांश आकडा खटकला. बिघडलेले यंत्र इतका नेमका अपूर्णांक कशाला देईल? सर्किटमध्ये बायसच्या वाटेवर पाच मेगाओहमचा एक रेझिस्टर होता. तो तेथे मुद्दाम असतो, म्हणजे बायसमधून फारच थोडा प्रवाह वाहू शकतो. मीटरच्या पुस्तिकेत त्याचा स्वतःचा रोध दहा मेगाओहम असल्याचे लिहिले होते. म्हणजे मीटर लावताच पाच आणि दहा असे दोन रोध एका रांगेत येतात आणि दाब त्यांच्यात वाटला जातो. मीटरच्या वाट्याला पंधरापैकी दहा भाग येणार. ५८० ला १० ने गुणून १५ ने भागले की उत्तर येते ३८६.७! दहावीत शिकलेल्या ओहमच्या नियमाबाहेरचे यात काहीच नव्हते. बायस शाबूत होता. मोजण्यासाठी लावलेले मीटरच त्यातला वाटा घेत होते. हिशेब तपासायला आलेल्या माणसाचा भत्ता त्याच गल्ल्यातून उचलला जावा आणि मग त्यानेच शिल्लक कमी भरली म्हणून ठपका ठेवावा, तशातला हा प्रकार.

"मामा, फोन करू नका," मी म्हणालो. त्यांनी गणित दोनदा करून पाहिले. मग दहा-दहा मेगाओहमचे नऊ रेझिस्टर एका ओळीत जोडून आम्ही मीटरच्या पुढे लावले. आता एकूण रोध शंभर मेगाओहम झाला आणि मीटरवर खऱ्या दाबाचा दहावा भाग दिसणार होता. मीटरने ५५.२ दाखवले, दहाने गुणून ५५२. पाच मेगाओहमची उरलेली वजावट, म्हणजे १०५ भागिले १००, हिशेबात घेतली की ५८० पुरे होतात. काही रुपयांच्या त्या माळेने शेठजींचे काही हजार वाचवले आणि मामांचा शब्दही.

दोष कोठे?

मग आम्ही अदलाबदलीची रीत धरली. प्रथम हेडफोन डोक्यावर उलटा घातला. क्षीण आवाज डाव्या कानात आला. म्हणजे दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा नव्हे. नंतर ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या तारा बदलल्या. तरी तीच कटोरी क्षीण राहिली. म्हणजे गाणे वाजवणारे यंत्र आणि तारा निर्दोष. शेवटी ४०० हर्ट्‌झचा एकच सूर देऊन ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजला. तो सारखा भरला. तेव्हा आरोपी एकच उरला, उजवी कटोरी.

चौकशी करता कळले की संच पावसाळाभर ओल आलेल्या भिंतीला टेकून ठेवला होता, उजवी बाजू भिंतीकडे. हवेतील ओलावा आणि धूळ मिळून प्रभाराला पळून जायला वाट करून देतात. कारखान्यात जो दमटपणा उपकारक, तोच येथे मारक! यात संच बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. शेजारच्या कारखान्यातील मुलाने कोंडा उडवण्याचा हवेचा पाइप आणून दिला, तो मामांनी परत पाठवला. त्या झोताने एक-दोन मायक्रॉनचा पडदा फाटायला क्षण लागला नसता. बाहेरून मऊ ब्रश फिरवून हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात चार दिवस ठेवला, नंतर रात्रभर बायसवर राहू दिला. पाचव्या दिवशी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या वाजू लागल्या. कटोरी कानावर दाबली की आत किंचित चुरचुर होई. पण हवेच्या दाबाने पडदा हलल्याने असे होऊ शकते, तो बिघाडच असतो असे नाही.

मूल्यमापन

शेठजी संच न्यायला आले ते दुसरा एक ॲम्प्लिफायर घेऊनच. कोणीतरी तो पसंतीसाठी दिला होता, आणि शेठजींच्या मते तो "कितीतरी सरस" होता. घ्यावा की नाही, हे मामांनी सांगायचे होते.

अशा ॲम्प्लिफायरकडून अपेक्षा काय असते ते आधी पाहू. साध्या हेडफोनला व्होल्ट-दोन व्होल्ट पुरतात; याला मोठ्या आवाजासाठी शंभर व्होल्ट आणि त्याहून अधिक लागतात. प्रवाह मात्र नगण्य. हेडफोन आणि त्याची तार मिळून सुमारे ११० पिकोफॅरडचा कपॅसिटर होतो असे धरले, तर अगदी २० हजार हर्ट्‌झच्या सुरालाही शंभर व्होल्टवर १.४ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह लागतो. शेठजींचा जुना ॲम्प्लिफायर एवढे काम आरामात करीत होता.

मग नवा सरस का वाटला? दोन्हींचा आवाज त्याच सुरावर मोजला तेव्हा नवा सुमारे बारा टक्के, म्हणजे एक डेसिबल मोठा वाजत होता. एवढा फरक कानाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. दोन्ही आवाज एक टक्क्याच्या आत जुळवले. शेठजींना पाठ करून बसवले. मी नाणे उडवून ॲम्प्लिफायर निवडी आणि प्रत्येक वेळी प्लग बदलल्यावर सारखाच वेळ थांबत असे. दहा वेळा विचारले. शेठजींनी सात वेळा बरोबर ओळखले.

सात म्हणजे उत्तीर्ण, असे कोणालाही वाटेल. परंतु संख्याशास्त्राच्या तासाला आपण शिकलेले द्विपद वितरण येथे लावून पाहावे. दहा वेळा केवळ अंदाज करणाऱ्याला सात किंवा अधिक बरोबर येण्याच्या रीती १०२४ पैकी १७६ आहेत, म्हणजे सतरा टक्के. सहा आंधळ्या अंदाजांत एखादा येथवर सहज पोहोचतो. नऊ बरोबर आले असते तर संभव जेमतेम एक टक्का राहिला असता आणि आम्ही फरक मान्य केला असता. फरक नाही असे आम्ही सिद्ध केले नाही. पण पैसे मोजावेत एवढा पुरावाही मिळाला नाही. मामांनी तसेच सांगितले.

शेठजींनी नवा ॲम्प्लिफायर परत केला. जुन्याचे बाजारमूल्य त्यांनी मग विचारलेच नाही. वडिलांच्या आवडीची एक ठुमरी लावून ते पाऊण तास दुकानातच ऐकत बसले. मामांनी तीनशे रुपये घेतले. नव्या भागाच्या बिलात त्याच्या कितीतरी पट सुटले असते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

आपण वाणिज्याचे विद्यार्थी आकड्यावर विश्वास ठेवायला शिकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आकडा कोणी मोजला, कशाने मोजला आणि मोजताना त्याने त्यातले किती स्वतःकडे घेतले, हे विचारल्याखेरीज ताळेबंदावर सही करू नये. नऊ रेझिस्टरांची ती माळ मामांनी नळीत घालून मीटरशेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे. आता कमी भरलेला कोणताही आकडा गिऱ्हाइकाला सांगण्याआधी त्यांचा हात प्रथम त्या खिळ्याकडे जातो.