फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका

आमच्या सोसायटीत पुन्हा हृदय तपासणीच्या सवलतीचा फलक लागलाय. म्हणून आता हे लिहितेच.

मागच्या वेळी अशाच सवलतीत गेले, तेव्हा मला छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता. पर्वती मी रोज चढते. तरी पॅकेजमध्ये होती म्हणून टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून करतात ती ईसीजी तपासणी, झाली आणि रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला. डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले, "आजच अ‍ॅडमिट व्हा, उद्या अँजिओग्राफी. घरी काही झालं तर जबाबदारी आमची नाही." मी विचारलं, "मला त्रास काहीच नाही, मग घाई कशाची?" त्यावर ते सोबत आलेल्या माझ्या दिरांकडे वळले. "यांना जरा समजवा." तो सूर मला आजही बोचतो. हृदय माझं, प्रश्न मी विचारलेला, आणि उत्तर दिरांना!

मग कोऑर्डिनेटर मुलगी फॉर्म घेऊन आली. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्याच होत्या. मी चष्मा काढून वाचायला लागले तर म्हणते, "मॅडम, रुटीन आहे, सगळेच करतात." अँजिओग्राफीच्या पुढे, त्याच ओळीत छापलं होतं: 'गरज भासल्यास अँजिओप्लास्टी'. म्हणजे बघायला म्हणून आत न्यायचं, स्टेंट बसवून बाहेर आणायचं, आणि त्याला माझा होकार आधीच घेऊन ठेवायचा. त्या ओळीवर माझा हात थांबला. मला काही विचारायचं तिथे कुणाच्या मनातच नव्हतं. पेन परत दिलं. दीर म्हणाले, "वहिनी, पैशाकडे बघू नका." मी पैशाचं नावही काढलं नव्हतं.

त्या इस्पितळाशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल पाहिलं. आईवडिलांना कोणत्या वयात काय झालं ते विचारलं. मग स्ट्रेस एको केली. नॉर्मल. बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं, हे त्यांच्याकडून कळलं. लक्षणं नाहीत, धोकाही कमी, अशांची ईसीजी किंवा ट्रेडमिलवर चाळणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2018 मध्येच सांगितलंय. पॅकेज विकणाऱ्यांनी हे सांगायला नको होतं?

तेव्हा पट्ट्यावर चढण्याआधीच विचारा: माझा धोका किती? रिपोर्ट वाईट आला तर पुढे काय करणार, आणि चांगला आला तर काय बदलणार? नीट उत्तर मिळत नसेल तर चढू नका. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल मात्र जरूर तपासा. तंबाखू सोडा, चाला.

अँजिओग्राफी करायचीच ठरली, तर फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: 'फक्त अँजिओग्राफी. पुढचं मला विचारून.' तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, जिवावर बेतलं असेल तेवढा अपवाद, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मला साध्या रिपोर्टची प्रत द्यायलाही खळखळ केली. 2002 च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे मागितलेल्या नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

ब्लॉकेज दिसलं तरी लगेच घाबरू नका. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात पाच हजारांहून जास्त स्थिर रुग्ण होते. औषधांच्या जोडीला आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने त्यांच्यातले मृत्यू कमी झाले नाहीत. छातीत दुखणाऱ्यांना आराम मात्र जास्त पडला. डावी मुख्य धमनी बरीच अरुंद झालेले रुग्ण त्यात नव्हते, म्हणून आपलं ब्लॉकेज नेमकं कुठे आहे ते विचारा.

हे सगळं तातडीचा त्रास नसलेल्या माणसासाठी. छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर दुसरं मत घेत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. तिथे स्टेंट जीव वाचवतो.

आणि नातेवाइकांनो, डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर त्यांना सांगा, पेशंटशी बोला. आमच्या दिरांना तेवढं सुचलं नाही.