डोळ्यांच्या थेंबांतला दुसरा घटक

तालुक्याच्या गावी फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर उभी असते. तिथे एक मागणी सारखी कानावर येते : "ताई, आईला दिलेले ते थेंब द्या. एका दिवसात लाली जाते त्याने." ते थेंब बहुधा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लिहून दिलेले असतात, एकाच बाटलीत अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड. लाली झटपट उतरवतं ते स्टेरॉईड, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

१. मोठ्या अक्षरांतल्या नावावर जाऊ नका, खालची बारीक अक्षरं वाचा. नुसतं मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन वेगळं आणि त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन असलेलं वेगळं. दोन्ही बाटल्यांच्या नावांत कधीकधी शेवटच्या एकदोन अक्षरांचाच फरक असतो. प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल हीसुद्धा स्टेरॉईडच.

२. आमचा भाग उसाचा. पातीची धार डोळ्याला लागली की बुबुळावर बारीक ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, बुरशीला नाही. वर स्टेरॉईड गेलं की डोळ्याची स्वतःची झुंज मंदावते. लाली कमी दिसते, ठणका उतरतो, माणूस पुन्हा फडात जातो, आणि जखम मात्र खोल जात राहते. पुढे बुबुळावर फूल पडतं, नजर जाते. म्हणून पात, काडी, माती, भुसा असं काहीही डोळ्यात गेलं असेल, तर मी थेंब देत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. ते डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात जखम पाहतात. काउंटरवरून ती दिसत नाही. कुणी रागावून दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

३. डोळे येण्याची साथ बहुतेकदा विषाणूची असते. जुलै 2023 मध्ये आळंदीत साथ पसरली, तेव्हा सगळीकडेच थेंबांची मागणी वाढली. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, साध्या साथीत आलेले डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात. पण नागिणीच्या जातीतला हर्पिसचा विषाणू बुबुळावर असेल, तर स्टेरॉईडने तो भडकतो.

४. ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या मुलांसाठी पालक तीच बाटली पुन्हा पुन्हा नेऊ पाहतात. मुलाला आराम पडतो, हे खरं. पण स्टेरॉईडने डोळ्यातला दाब वाढू शकतो. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा एवढा असायला हवा, तो त्यापुढे चढला तरी बहुधा दुखत नाही. अशा दाबाने काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉईड आठवड्यांमागून आठवडे चालणार असेल, तर दाब मोजून घ्याच. दीर्घ वापराने मोतीबिंदूही होतो, अगदी लहान वयातसुद्धा.

५. आता घालण्याची रीत. हात धुवा. औषध गढूळ दिसणारं असेल तर बाटली हलवा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, बाकीचं गालावर ओघळतं. टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी, मलम सगळ्यांत शेवटी.

६. डॉक्टरांनी सहा वेळा, मग चार, मग दोन असं लिहिलं असेल, तर तसंच उतरवा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की सूज उलटते.

७. बाटली उघडलेल्या दिवशी तारीख लिहा. महिन्याभराने, किंवा खोक्यावर त्याहून कमी मुदत असेल तर तेव्हा, उरलेलं औषध टाकून द्या. शेजारणीला देऊ नका.

८. ऑपरेशननंतर डोळा जास्त दुखू लागला, लाली वाढली, किंवा काल दिसत होतं त्याहून आज अंधूक दिसलं, तर थेंबांची संख्या वाढवत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, रविवार असला तरी.