उभ्या गाडीची झीज

प्रश्न : वडिलांनी 1967 साली घेतलेली फियाट 1100 डिलाइट आमच्याकडे आहे. ते गेल्यापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं, ती शेडमध्ये झाकून ठेवली आहे. ठेवली तेव्हा उत्तम चालत होती. जी गाडी चाललीच नाही तिची झीज कशी होईल? नवी बॅटरी घालून सेल्फ मारायला मेकॅनिक नको का म्हणतो?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मेकॅनिकचं ऐका, त्याला गाडी कळते. चालती गाडी घासून झिजते, उभी गाडी हवेनं आणि ओलाव्यानं खराब होते. तुमच्याकडे तर समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस.

इंजिन बंद होतं तेव्हा चारपैकी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. कार्बोरेटरच्या किंवा सायलेन्सरच्या वाटेनं दमट हवा आत पोचते. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर तोवर ओघळून गेलेला असतो. उघड्या बिडाला गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच धरतात. अशा वेळी सेल्फ मारलात तर रिंग तुटेल किंवा बोअरवर ओरखडे उठतील, आणि थोडक्यात सुटणारं काम इंजिन उतरवण्यावर जाईल. म्हणून आधी चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडं पातळ ऑइल सोडा आणि आठवडाभर मुरू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवा. फिरलं नाही तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा. तरीही हललं नाही तर हेड उतरवावं लागेल. फिरलं, तर जुनं ऑइल काढून नवं भरा आणि प्लग न बसवताच सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवा. पेट्रोलचा विचार त्यानंतर.

टाकीतलं जुनं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही. त्यातला हलका भाग उडून गेला आणि उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर झाला. कार्बोरेटरच्या जेटमध्येही तोच थर बसलेला असणार. टाकी उतरवून धुऊन घ्या. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदला. नवे घेताना इथेनॉल सोसणारेच घ्या, कारण आज भरायला मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि 1967 च्या रबराला ते मानवत नाही.

पण माझा सगळ्यात मोठा आग्रह ब्रेकसाठी आहे. इंजिन सुरू झालं नाही तर गाडी शेडमध्ये राहील, एवढंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ते पाणी व्हील सिलिंडरमध्ये साचतं, आतून गंजाचे खड्डे पडतात आणि रबरी कप कडक होतात. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच ऑइलची लाइन आहे. एका चाकाचा कप फाटला की चारही चाकांचे ब्रेक गेले! पेडल आज पायाला घट्ट लागलं तरी त्यावर विसंबू नका. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि होज पाइप, यात काटकसर नको. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी तेही बदला, रबर वयानंच तडकतं.

सुटे भाग मिळतील. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईत टॅक्सी म्हणून लाखो मैल धावली. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधलं तर अजून पुष्कळ हाती लागतं. मात्र ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सीची सद्दी संपली, आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही आता थकत चालले आहेत. काम लांबवू नका.

रंगाला मात्र हात लावण्याआधी थांबा. मूळ रंग, वडिलांच्या हाताखाली गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, जुनी सीट कव्हरं नीट असतील तर तशीच राहू द्या. गंज फक्त दारांखालच्या पट्ट्यांत आणि फ्लोअरला शोधा, तिथे पाणी साचतं. नवा रंग कधीही देता येतो, पहिला रंग एकदाच मिळतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच मुभा. बाजारहाटाला न्यायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचंच नूतनीकरण करा. आधी आरटीओत जुन्या नोंदणीची मुदत तपासा, विमा घ्या.

पहिली फेरी अंगणातच मारा, हँडब्रेक पक्का झाल्यावर. पाचशेएक किलोमीटर झाले की इंजिन ऑइल पुन्हा बदला. आत मोकळा झालेला गंज आणि गाळ त्याच्याबरोबर निघून जाईल.