परसांतील दुध्या भोंपळा
(शास्त्रपाठ : २ राजे ४:३८-४१)

गिलगालांत दुष्काळ पडला होता. अलीशानें संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठीं मोठें भांडें चुलीवर ठेवावयास सांगितलें. एक जण भाजी आणावयास रानांत गेला. त्यानें एका रानवेलाचीं फळें ओटींत भरून आणलीं व चिरून भांड्यांत टाकिलीं. तीं कशाचीं हें कोणासच ठाऊक नव्हतें. तो मनुष्य दुष्ट नव्हता, आळशीही नव्हता. भुकेल्या भावांसाठींच तो हिंडला होता. तरी त्याच्या ओटींतून मरण भांड्यांत आलें. तीं फळें कडू इंद्रावणाचीं असावीं, असें अनेक पंडितांचें मत आहे. आणि इंद्रावण हें आपल्या भोंपळा, काकडी व दोडका यांच्याच कुळांतलें होय. म्हणून परसांत दुध्या भोंपळा लावूं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस या वचनाच्या आधारें कांहीं गोष्टी सांगाव्या, असें आम्हांस वाटतें.

प्रथम लागवड. पावसाळी पिकास जून-जुलै व उन्हाळी पिकास जानेवारी-फेब्रुवारी हे पेरणीचे महिने होत. हातभर लांब-रुंद व तितकाच खोल खड्डा खणावा आणि चांगलें कुजलेलें शेणखत मातींत मिसळून आळें भरावें. बिया रात्रभर पाण्यांत भिजवाव्या व सकाळीं एका आळ्यांत तीन-चार, बोटाच्या एका पेराइतक्या खोल, टोंचाव्या. आठवडा-दीड आठवड्यांत रोपें वर येतात. त्यांतील दोन जोमदार ठेवून बाकीचीं काढून टाकावीं. आळ्यांत पाणी तुंबूं देऊं नये, नाहीं तर मुळें कुजतात. वेल मांडवावर चढवावा, म्हणजे फळ लोंबतें राहून सरळ वाढतें. वेल मांडवास पोंचला कीं शेंडा खुडावा. बाजूचे फांटे फुटतात, व मादी फुलें त्यांवरच अधिक येतात.

फुलें पुष्कळ येतात पण फळ धरत नाहीं, अशी तक्रार आम्ही अनेकदां ऐकितों. याचें कारण असें कीं नर व मादी फुलें एकाच वेलावर, पण निरनिराळीं असतात. मादी फुलाच्या खालीं इवलासा भोंपळा दिसतो, तीच तिची खूण. हीं पांढरीं फुलें संध्याकाळीं उमलतात व रात्रीचे पतंग त्यांचा पराग नेतात. पतंग न आले तर दिवेलागणीस नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलास हलक्या हातानें लावावा. फळमाशीनें डंखलेलीं फळें वेलाखालीं न टाकतां खोल पुरावीं. साधारण दोन महिन्यांनीं फळें मिळूं लागतात. सालींत नख सहज रुततें तोंच तीं काढावीं.

आतां बियाण्याची गोष्ट. निरोगी वेलावरील एक चांगलें फळ राखावें. तें वाळून आंत बिया खुळखुळूं लागल्या म्हणजे काढावें. परंतु जवळपास कडू भोंपळ्याचा वेल असेल, तर पतंग त्याचा पराग आपल्या फुलांत आणितात. त्या वर्षीं फळ गोडच लागतें, कारण दोष बियांत उतरलेला असतो. पुढल्या वर्षीं तेंच बीं पेरलें असतां कडू फळ येऊं शकतें. यास्तव बियांसाठीं राखावयाचें मादी फूल व एक नर फूल उमलण्यापूर्वींच कापडानें बांधावीं, उमलल्यावर आपल्या हातानें पराग लावावा, आणि मादी फूल पुन्हां बांधावें. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाविषयीं तर विशेष जपावें. रूपावरून कडू-गोड कळत नाहीं.

हा कडूपणा कारल्याच्या कडूपणासारखा नव्हे. त्यांत कुकरबिटासिन नांवाचें विष असतें, व तें शिजविल्यानें जात नाहीं. असा भोंपळा खाल्ल्यानें किंवा त्याचा रस प्याल्यानें पोटांत कळा येतात, ओकाऱ्या व जुलाब होतात, कधीं रक्तही पडतें. माणसें दगावलींही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा याविषयींचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वीं लहानशी फोड चाखावी, कडू लागल्यास भोंपळा टाकून द्यावा, व त्रास झाल्यास विलंब न लावतां दवाखान्यांत जावें, असा तिचा सल्ला आहे. भाजीसही हाच नियम लावावा. कडू लागलेली फोड थुंकून टाकावी, चूळ भरावी व सबंध फळ पुरावें. गुरांपुढेंही टाकूं नये.

हें सांगणें सोपें, करणें कठीण, हें आम्ही जाणतों. घरांत दुसरी भाजी नसली म्हणजे गूळ व मसाला वाढवून तीच खपविण्याचा मोह होतो. सून भीतीनें गप्प बसते, पाहुणा भिडेनें गिळतो. गिलगालांतील शिष्यही पाहुणेच होते, व दुष्काळाचे दिवस होते. तरी घास तोंडांत जातांच ते ओरडले. त्या ओरडण्यानें सर्वांचा जीव वांचला. कोणी आणणाऱ्यास बोल लाविला नाहीं, आणि ओरडणाऱ्यासही कोणी दटाविलें नाहीं. अलीशानें पीठ टाकून अन्न निर्दोष केलें, तें देवाचें अद्भुत कृत्य होतें. आपण पीठ टाकून विषाची परीक्षा पाहूं नये. आपणांस देवानें जीभ दिली आहे, ती चाखावयास आहे आणि बोलावयासही आहे.

उपदेशकबंधूंनो, आपण घरोघर बीं वाटतां व वचनही वाटतां. बीं देतांना चाखून पाहण्याची आठवण अवश्य द्या. आणि मंडळींत एखादी गरीब बहीण उठून ‘हें कडू आहे’ असें म्हणाली, तर तिला गप्प बसवूं नका. आपल्या ओटींत काय आहे, हें कदाचित् आपणांसही ठाऊक नसेल.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. फळें आणणाऱ्याचा हेतु चांगला असतां संकट कां आलें?
२. शिष्य भिडेस्तव गप्प बसते तर काय झालें असतें?
३. आपल्या घरीं ‘हें कडू आहे’ असें म्हणावयास कोणास भीति वाटते?